रांगेतली विश्रांती

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना त्यांच्या कंपनीत कोणी नावाने हाक मारत नाही. तिथे ते ‘सावकाश’ आहेत. नव्याने भरती झालेले चालक अदबीने ‘सावकाशकाका’ म्हणतात, एवढाच काय तो फरक. तेवीस वर्षांपूर्वी ते मालवाहतुकीच्या या कंपनीत नोकरी मागण्यास गेले, तेव्हा चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने शेजारी बसून विचारले होते, “रस्ता एवढा रिकामा आहे, वेग का वाढवत नाही?” त्यावर ते म्हणाले, “सावकाश जाऊ की. माल काही उठून पळत नाही.” अधिकारी हसला, नोकरी मिळाली आणि नाव चिकटले.

या तेवीस वर्षांत त्यांच्या चौदा चाकी ट्रकला साधा ओरखडाही आला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, मात्र दुसऱ्याने सांगितल्यास मान खाली घालून ऐकत असत. शरीराने ते आडवे, खांद्यात किंचित वाकलेले. उजवा हात कोपरापर्यंत उन्हाने काळवंडलेला आणि डावा त्या मानाने उजळ, कारण खिडकी उजवीकडे. बोलणे कमी. एखादा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत समोरच्याने घोटभर चहा प्यावा, इतका वेळ घेणार.

त्यांची फेरी लांब पल्ल्याची. जाण्यास चार दिवस, येण्यास चार दिवस आणि मध्ये माल उतरवण्याच्या गोदामांपुढे जे दिवस जातील ते वेगळे. महिन्यातून घरी चार किंवा पाच दिवस. त्यांपैकी पहिला दिवस झोपेत जाई. भिंतीकडे तोंड करून ते जे निजत, ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठत. तोवर माझी बहीण दोन खोल्यांच्या त्या घरात भांडेसुद्धा हलक्या हाताने ठेवी. एकदा ती मला म्हणाली, “दादा, बायका नवऱ्याच्या तोंडाला तोंड देतात. मी आजवर ह्यांच्या पाठीशीच भांडत आले.” ती हसत होती, म्हणून मीही हसलो.

मुलीचे लग्न होऊन ती परगावी गेल्यानंतर मात्र बहिणीचे हे हसणे कमी झाले. तेव्हाच तिच्या आग्रहाने यजमानांनी शहर-फेरीसाठी अर्ज केला. शहर-फेरी म्हणजे कंपनीची लहान गाडी घेऊन सकाळी सातला निघायचे, गावातल्या दुकानांना माल पोहोचवायचा आणि संध्याकाळी पाचला गाडी आवारात लावून घरी जायचे. अशी जागा एकच होती. तिच्यासाठी यादी होती, आणि यादीत क्रम टिकवण्यासाठी एकच अट होती, ती म्हणजे चालकाच्या नोंदीत निष्काळजीपणाचा शेरा असता कामा नये. पुढचे चालक निवृत्त होत किंवा शेरा लागून तळाशी जात, तसे सहा वर्षांत यजमान नवव्या क्रमांकावरून पहिल्यावर आले. शहर-फेरीचे सध्याचे चालक त्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. बहिणीने दुसरे ताट रोजच्या वापरातल्या भांड्यांत आणून ठेवले होते.

आता रांगेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा प्रकार तिथूनच उद्भवला.

मोठ्या गोदामाच्या फाटकापुढे ट्रकांची रांग लागते. आत एक गाडी रिकामी होते, बाहेरच्या साऱ्या गाड्या एकेक गाडीभर पुढे सरकतात. जो सरकला नाही त्याच्या पुढे मागचा घुसतो. म्हणजे चालकाला जागा सोडता येत नाही आणि सलग झोपही घेता येत नाही. दुसरीकडे, कंपनीने प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवले आहे. चाके किती वेळ फिरली आणि किती वेळ थांबली हे ते मुख्य कार्यालयास कळवते. चाके थांबली की विश्रांती, असा त्याचा नियम. शंभर पावलांहून कमी सरकलेली गाडी त्याच्या लेखी उभीच असते. सबब, रांगेत काढलेला प्रत्येक तास कागदोपत्री विश्रांतीचा ठरतो, आणि रांग संपून माल उतरला की ‘चालक ताजातवाना आहे’ असे समजून पुढचा हुकूम येतो.

यावर चालकांनी आपल्या परीने तोड काढलेली आहे. ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून डुलकी घेतात आणि कान उघडे ठेवतात. पुढच्या ट्रकने हवेचा ब्रेक सोडला की ‘फुस्स’ असा मोठा आवाज होतो. त्या आवाजासरशी हात आपसूक किल्लीकडे जातो, गाडी एक लांबी पुढे सरकते, ब्रेक लागतो आणि कपाळ पुन्हा टेकते. जुने चालक हे सर्व डोळे न उघडता करतात. ‘फुस्स आलं का?’ हा त्यांच्यात गमतीने एकमेकांना विचारण्याचा प्रश्नच होऊन बसला आहे.

त्या खेपेस यजमान संध्याकाळी सहा वाजता रांगेत लागले. पुढे एकतीस गाड्या होत्या. दर पस्तीस-छत्तीस मिनिटांनी एक, या हिशेबाने ते एकोणतीस वेळा सरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पुढे दोनच गाड्या राहिल्या होत्या. लगतची पुढची गाडी त्यांच्याच कंपनीतल्या दुसऱ्या चालकाची होती. त्याला सारे ‘वकील’ म्हणतात, कारण तो प्रत्येक गोष्टीवर दोन्ही बाजूंनी भांडू शकतो.

त्या दिवशी गोदामवाल्यांनी गर्दी पाहून बाजूला दुसरी रांग सुरू केली होती. त्या रांगेतल्या एका ट्रकने ब्रेक सोडला. फुस्स झाले. यजमानांचा हात किल्लीकडे गेला, पाय उचलला गेला आणि गाडी एक लांबी पुढे निघाली. वकिलाची गाडी मात्र जागेवरच होती.

टक्कर म्हणावी असे काही घडले नाही. वकिलाच्या गाडीचा मागचा दिवा फुटला आणि यजमानांच्या गाडीचा पुढचा पत्रा हातभर चेपला. वकील खाली उतरून आला, फुटलेली काच पाहिली आणि म्हणाला, “अरे सावकाश, तेवीस वर्षांनी ठोकलीस, तीसुद्धा माझीच? दुसरं कुणी मिळालं नाही?” मग त्याने यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पाण्याची बाटली आणून दिली. हे सारे मला वकिलानेच नंतर सांगितले. यजमान एवढेच म्हणाले होते, “मला वाटलं तू सुटलास.”

परतल्यावर चौकशीचा अर्ज हाती आला. तो भरण्यासाठी त्यांनी मला सोबत येण्याची विनंती केली. “दादा, तुम्ही जन्मभर अर्ज तपासलेत. ह्यात कुठं काय लिहायचं ते जरा बघा.” म्हणून एका मंगळवारी सकाळी मी त्यांच्यासह कंपनीच्या आवारात गेलो.

व्यवस्थापक कामात असल्याने आम्हाला पत्र्याच्या छपराखाली बाकावर बसवण्यात आले. तिथे वकील होता. एक स्थूल गृहस्थ होते, त्यांना ‘जाड्या’ म्हणत. तिसरा चालक पूर्वी स्वतःच्या एका ट्रकचा धनी होता, तो विकून तो इथे लागला, म्हणून अद्यापि ‘मालक’ या नावानेच ओळखला जाई. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “कंपनी कशी आहे हो तुमची?”

“कंपनी म्हणजे सासू आहे दादा,” जाड्या म्हणाला. “वेळेवर जेवायला वाढते, पण घास मोजते.”

“तुला मोजायला तिला दोन माणसं ठेवावी लागली असतील,” वकील म्हणाला.

मालक हसला नाही. तो म्हणाला, “मी दोन्ही बघितलंय. स्वतःची गाडी होती तेव्हा झोपायला वेळ होता, पण काळजीनं डोळा लागत नव्हता. आता काळजी नाही, डोळा लागतो, पण वेळ नाही. काय चांगलं ते तुम्हीच ठरवा.”

“गाडी बिघडली तर कंपनी दुसरी पाठवते, हे खोटं आहे का?” वकील म्हणाला.

“खरं आहे.”

“आणि चालक बिघडला तर?”

“तर दुसरा पाठवते. त्यातही कंपनी चोख आहे.”

यावर सगळे हसले, यजमानसुद्धा. मग वकील त्यांच्याकडे वळला. “हे बघ, तू पहिल्या चौकोनात खूण कर. यांत्रिक दोष. ब्रेक उशिरा लागला, म्हण. तुझ्यामागं यादीत मीच आहे. तुझी फेरी हुकली तर मला मिळते. तरी सांगतोय, यावरून काय ते समज.”

“नाहीतर मग झोप लागली म्हणून लिहिशील,” जाड्या म्हणाला. “तसलं काही लिहू नकोस बाबा. उद्या त्यांनी रांगेचे तास कामात धरले तर महिन्याच्या खेपा कमी होतील, भत्ता जाईल. तुझ्या खऱ्यापायी आम्ही घरी बसायचं का?”

“घरी बसायला मिळालं तर बस की,” मालक म्हणाला. “बायको ओळखेल का ते आधी विचार.”

यजमानांनी घडी घातलेला अर्ज खिशातून काढून पुन्हा पाहिला. अर्जाची रचना सदोष होती, हे मला नमूद केले पाहिजे. अपघाताचे कारण दर्शवण्यासाठी तीन चौकोन होते: यांत्रिक दोष, चालकाचा निष्काळजीपणा आणि त्रयस्थाची चूक. यांपैकी एकात खूण करणे आवश्यक होते. त्याखाली शेऱ्यासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या.

व्यवस्थापक तिशीचे, नम्र गृहस्थ होते. त्यांनी उठून यजमानांना खुर्ची दिली. पडद्यावरची नोंद आमच्याकडे वळवून ते म्हणाले, “काका, यंत्र म्हणतं की तुम्ही साडेसतरा तास विश्रांती घेतलीत. मी वर काय सांगू?”

“रांगेत होतो साहेब.”

“मला माहीत आहे हो. माझे वडील हेच काम करायचे. पण इथे चौकोन तीनच आहेत.”

“चौथा काढा मग.”

“तो मुख्य कार्यालयाने काढायचा. मी कोण?” त्यांनी आवाज बारीक केला. “यांत्रिक दोषावर खूण करा, काका. मिस्त्रीला एक पत्र जाईल, फार तर त्याची एक वेतनवाढ लांबेल. तुमची शहर-फेरी ठरल्यासारखी आहे. मला ती तुम्हालाच द्यायची आहे.”

यजमानांनी त्यांच्या सवयीप्रमाणे वेळ घेतला. मग म्हणाले, “ब्रेक चांगले होते साहेब. दाबला असता तर लागला असता.”

त्या दिवशी आम्ही एकाही चौकोनात खूण केली नाही. शेऱ्याच्या दोन ओळींत काय लिहावे, याची चर्चा बाकावर बसून झाली. मी ‘चालक अतिश्रमाने निद्राधीन झाला’ असे वाक्य सुचवले. ते म्हणाले, “दादा, हे वाचून त्यांना वाटेल दुसराच कुणी होता. झोप लागली, असंच लिहा.” मग मी त्यांनी सांगितले तसेच लिहिले: ‘साडेसतरा तास रांगेत गाडी सरकवत होतो. झोप झाली नव्हती. मग झोप लागली.’

तीन दिवसांनी अर्ज परत आला. वर छापील चिठ्ठी होती, ‘अपूर्ण’. आम्ही तो तसाच पुन्हा पाठवला. पुन्हा तीच चिठ्ठी आली. अर्ज प्रथम मुख्य कार्यालयातले यंत्र वाचते, ते फक्त चौकोन वाचते, आणि चौकोन मोकळे असतील तर अर्ज माणसापर्यंत जातच नाही, असे व्यवस्थापकांनी समजावून सांगितले. या काळात यजमानांना गाडी देण्यात आली नाही. रोज सकाळी आठला जाऊन ते त्या बाकावर बसत आणि पाचला घरी येत. बहिणीला हे दिवस कसे गेले असतील याची कल्पना मला एका संध्याकाळी आली. दोघे आपापल्या ताटावर बसली होती आणि दोघांनाही काय बोलावे ते सुचत नव्हते. तेवीस वर्षांत इतक्या सलग संध्याकाळी त्यांनी एकमेकांना पाहिले नव्हते.

महिना संपण्यास चार दिवस उरले. व्यवस्थापकांनी निरोप दिला की उद्या खूण झाली नाही, तर शहर-फेरीचा निर्णय ते स्वतः रोखून धरू शकणार नाहीत. हा निरोप ऐकला तेव्हा मी तिथेच होतो.

“एक खूण करायला काय जातं तुमचं?” बहीण म्हणाली. तिच्या हातात चहाचे भांडे होते, ते तिने मोठ्याने खाली ठेवले. “मिस्त्रीची वेतनवाढ लांबेल. लांबू दे. माझी सहा वर्षं लांबली, त्याला कुणी पत्र पाठवलं?”

“त्यानं निघायच्या आधी ब्रेक तपासले होते. सही आहे त्याची.”

“बरं, मग?”

“मग काही नाही. त्यानं नीट तपासले होते.”

“आणि मी?” ती म्हणाली. “मी काय नीट केलं नाही, ते तरी सांगा. दादा, तुम्ही सांगा ह्यांना.”

मला सांगता आले नाही. मी आयुष्यभर अनेक अर्जांवर योग्य जागी खूण नाही म्हणून शेरे मारले, त्यामागे कोणाच्या घरी काय चालले असेल हा विचार त्या क्षणापर्यंत केला नव्हता. यजमान उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर न पाहता तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, “तू म्हणशील तर करतो खूण.”

बहीण आतल्या खोलीत गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांना डबा भरून दिला आणि दारापाशी म्हणाली, “मी काही म्हणत नाही. माझ्या म्हणण्यावर ढकलू नका. तुम्ही गाडी चालवत होता, तुम्हीच ठरवा.”

त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. चालकाचा निष्काळजीपणा. शेरा तसाच ठेवला. व्यवस्थापकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “काका, विचार केलात ना?” यजमान म्हणाले, “तुमच्या तिन्हींत हा त्यातल्या त्यात जवळचा आहे. गाडी माझ्याच हातात होती.” सही करून ते आवारातल्या मिस्त्रीकडे गेले आणि चेपलेला पत्रा कधी सरळ होईल याची चौकशी केली. मिस्त्रीला यातले काही माहीत नव्हते. तो म्हणाला, “झाला केव्हाच. तुझीच वाट बघतीये गाडी.” या वेळी यंत्राने अर्ज स्वीकारला. शेरा कोणी वाचला की नाही, हे आजपर्यंत कळलेले नाही. रांगेचे तास पूर्वीप्रमाणेच विश्रांतीत धरले जातात.

यादीत यजमान शेवटच्या, म्हणजे सोळाव्या क्रमांकावर गेले. निवृत्तीस त्यांची सात वर्षे उरली आहेत, आणि यादी साधारण एका वर्षाला दीड क्रमांक या गतीने सरकते. याचा अर्थ मी बहिणीस सांगितला नाही. तो तिला कळला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी वकील घरी आला. चपला दाराबाहेर काढून तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, तेव्हा बहिणीनेच त्याला आत बोलावले. यजमान लाकडी खुर्चीत बसले होते. चार वाजता त्यांना लांबच्या फेरीवर निघायचे होते आणि पिशवी भरून तयार होती. दोघांत थोडे बोलणे झाले, रस्त्याचे, गोदामाचे. मग बहीण चहा घेऊन आली, तोवर यजमानांची हनुवटी छातीवर टेकली होती. बाकावर बसून थकलेला माणूस गाडीवर जाण्यापूर्वी जी मिळेल ती झोप घेतो, त्याला स्थळकाळ नसतो.

वकिलाने आवाज खाली आणला. नेहमी दोन्ही बाजूंनी भांडणारा तो माणूस एकाही बाजूने नीट बोलू शकत नव्हता.

“वहिनी, मला बोलावलं होतं कार्यालयात. शहर-फेरी देतायत मला. उद्यापासून.”

“कळलं.”

“मी नको म्हणून सांगणार आहे. मला हे... म्हणजे माझ्याच गाडीला लागलं, आणि मलाच...”

“तुम्ही नको म्हणालात तर ह्यांना मिळेल का?”

“नाही. तिसऱ्याला जाईल.”

“किती वर्षं झाली तुम्हाला?”

“यादीत? पाच.”

“बायको काय म्हणते?”

वकील कपाकडे पाहत राहिला. “तिला अजून सांगितलं नाही. इकडं आधी आलो.”

“हे चुकलं तुमचं,” बहीण म्हणाली. “आधी तिला सांगायचं होतं. घ्या हो ती फेरी. एका घरचा माणूस तरी संध्याकाळी घरी येऊ दे. चहा घ्या, निवतोय.”

त्याने चहा घेतला. उठताना यजमानांना हाक मारावी म्हणून त्याने हात पुढे केला, तेव्हा बहिणीने मानेने ‘नको’ म्हटले. तो पाय न वाजवता बाहेर गेला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला.

पावणेतीन वाजले होते. बहिणीने दाराची कडी आवाज न करता लावली, कपबश्या उचलल्या आणि मला म्हणाली, “दादा, तुम्हीही निघा आता. साडेतीनला उठवते ह्यांना. पाऊण तास आहे.”